गिटार विकायची घाई नको

बोटं आखडतायत, डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि आता गिटारच विकून टाकतो म्हणताय, वाचून फार वाईट वाटलं. पण आधी कुठला संधिवात ते तरी नीट कळू द्या ना. अंगठ्याच्या मुळाशी झीज होऊन दुखणं वेगळं आणि आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते) वेगळा. सकाळी तासभर बोटं वळत नसतील, सांधे सुजून गरम लागत असतील तर सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला गाठा आणि लवकर गाठा, कारण आमवातात एकदा खराब झालेला सांधा पूर्ववत होत नाही, पण मेथोट्रेक्सेटसारखी औषधं वेळेत सुरू झाली तर नुकसान बरंच रोखता येतं. नुसत्या पेनकिलरवर दिवस काढू नका प्लीज.

वाजवण्याचं म्हणाल तर हलक्या गेजच्या म्हणजे पातळ तारा लावा, ॲक्शन म्हणजे तारांची पट्टीपासूनची उंची खाली करून घ्या. बार कॉर्ड (एकाच बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबायच्या तो) धरताना अंगठा मागून किती जोरात दाबला जातो ते एकदा बघाच, सगळा भार त्या मुळाच्या सांध्यावर येतो, त्याऐवजी दोन-तीन तारांचेच आकार धरले तरी गाणं उभं राहतं. ओपन ट्यूनिंगवर (मोकळ्या तारा छेडल्या तरी कॉर्ड वाजेल अशा लावून) स्लाइड, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत, वाजवून बघा, त्यात दाबायला फारसं लागतच नाही. सूज असेल त्या दिवशी मात्र सुट्टी.

बायरन जॅनिस या अमेरिकन पियानिस्टला १९७३ मध्ये सोरायटिक आर्थ्रायटिस (सोरायसिस या त्वचारोगाशी जोडलेला संधिवात) निघाला, १९८५ पर्यंत लोकांना कळू न देता तो वाजवत राहिला. लपवणं मला नाही पटत, इतकं एकट्याने का सोसायचं? तुम्ही मोकळेपणी सांगितलंत ते चांगलं केलंत. नक्की कुठला सांधा दुखतोय, डाव्या हाताचा की उजव्या?