साधे पेट्रोल की प्रीमियम? २०१८ च्या हॅचबॅकसाठी सल्ला हवा

घाटचढ्या

माझ्याकडे २०१८ सालची, १.२ लिटर इंजिनाची, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक असून ती आतापर्यंत ७४ हजार किलोमीटर चालली आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूरला जातो. गेल्या महिन्यात एका पंपावर टाकी पूर्ण भरायला सांगितली. तेथील मुलाने ‘झिरो बघा साहेब’ म्हणून यंत्राकडे बोट दाखवले, मीही शून्यच पाहिला, आणि दर पाहायचा राहून गेला. पावती हातात आल्यावर कळले की त्याने न विचारता प्रीमियम भरले होते. लिटरमागे आठ रुपये जादा गेले. वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण पेट्रोल टाकीत गेलेले होते.

मात्र त्यानंतर साखरप्याहून आंबा घाट चढताना इंजिनातून नेहमी येणारा खडखडाट या वेळी कमी जाणवला, आणि ॲव्हरेजही १५.८ वरून १६.१ वर गेले. हा खरोखर प्रीमियमचा गुण आहे, की पैसे गेल्यामुळे मनाने करून घेतलेले समाधान आहे? यापुढे नियमितपणे प्रीमियमच भरावे का? ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आल्यापासून जुन्या गाड्यांनी प्रीमियमच वापरावे, असेही काही जण सांगतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबी

तांत्रिक बाजू इतर सांगतीलच, मी केवळ आकडे मांडतो. साध्या पेट्रोलचा दर १०५ रुपये आणि प्रीमियमचा ११३ रुपये धरला, तर फरक साडेसात टक्क्यांच्या थोडा वर जातो. म्हणजे जादा पैसे वसूल व्हायचे असतील, तर १६ चे ॲव्हरेज किमान १७.२ झाले पाहिजे. आपले १५.८ चे १६.१ झाले, ही वाढ दोन टक्क्यांच्याही आत आहे. एवढा फरक तर टायरमधील हवा, वाटेत भेटलेले उसाचे ट्रॅक्टर किंवा पंपावरील नोझल किंचित आधी बंद होणे यांमुळेही पडतो. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ‘कट’पर्यंत भरून सलग तीन-चार टाक्यांची नोंद ठेवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जुना गॅरेजवाला

तीस वर्षे गाड्यांची कामे करतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला गैरसमज असा की प्रीमियम पेट्रोलमध्ये ‘ताकद’ जास्त असते. तसे नसते. ऑक्टेन क्रमांक हे पेट्रोलमधील ऊर्जेचे माप नव्हे. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढल्यावर ठिणगी पडूनही उरलेले मिश्रण आपोआप भडकू न देता किती तग धरते, याचे ते माप आहे. मिश्रण असे अवेळी भडकले की जो धातूवर खिळे आपटल्यासारखा आवाज येतो, तेच नॉकिंग. ज्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, जास्त आहे किंवा ज्याला टर्बो आहे, तेथे दाब जास्त असल्याने जास्त ऑक्टेनची गरज भासते. आपल्या इंजिनाची ती गरज नाही. आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो आवाजाची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे घेतो आणि इंजिन वाचवतो, पण त्यात थोडा पिकअप जातो. ९५ ऑक्टेनसाठी जुळवलेल्या टर्बो इंजिनात ९१ चे पेट्रोल भरले, तर हा तोटा चढावर जाणवू शकतो. ९१ साठी बनवलेल्या इंजिनाला मात्र ९५ दिल्याने नवे काही मिळत नाही.

दुसरी बाब ई-२० ची, कारण तिने हा सगळा प्रश्नच बदलला आहे. बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकानुसार साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आणि प्रीमियम ९५ चे, अशी विभागणी आपण धरून चाललो होतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन क्रमांक १०८ च्या आसपास आहे. त्यामुळे २० टक्के मिश्रणानंतर साध्या पेट्रोलचाही ऑक्टेन ९५ पर्यंत पोहोचल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मधील खुलाशात म्हटले आहे. तसे असेल, तर ९५ च्या प्रीमियममध्ये आपण जादा पैसे मुख्यतः ऑक्टेनसाठी नव्हे, तर त्यात मिसळलेल्या स्वच्छता करणाऱ्या रसायनांसाठी देतो. ही रसायने इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी साचू देत नाहीत, हे खरे आहे. आपल्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारले जात असल्याने तेथे त्यांचा थोडा उपयोगही होतो. थेट सिलिंडरमध्ये फवारा करणाऱ्या इंजिनांत मात्र पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, मग ते धुणार कसे?

आणि प्रीमियम भरले म्हणजे इथेनॉल टळले, हाही भ्रमच आहे. ९५ च्या प्रीमियममध्येही इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणूनच ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्के घसरू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. आपली गाडी २०१८ ची, म्हणजे एप्रिल २०२३ पासून ई-२० ला अनुरूप भाग असलेल्या गाड्या येऊ लागल्या त्याच्या बरीच आधीची. त्यामुळे प्रीमियमचे आठ रुपये वाचवून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून घ्या. तो खर्च जास्त कारणी लागेल.

आता खडखडाटाबद्दल. आंबा घाटात आपण कोणत्या गिअरवर असता? माझ्याकडे येणारे दहापैकी सात जण पेट्रोल वाचवण्यासाठी चढावर तिसरा किंवा चौथा गिअर ओढत राहतात आणि मग पेट्रोलला दोष देतात. पुढच्या खेपेस दुसरा टाकून बघा. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले तेही कळवा.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. येथे पंपावर ८७, ८९ आणि ९३ असे आकडे असतात. सासरे प्रथम आले तेव्हा ८७ हा आकडा पाहून ‘अमेरिकेत इतके हलके पेट्रोल?’ असे म्हणाले होते. वस्तुतः मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. भारतात आरओएन (सौम्य परिस्थितीत मोजलेला ऑक्टेन क्रमांक) लिहितात, तर येथे आरओएन आणि एमओएन (इंजिनावर ताण देऊन मोजलेला) या दोन क्रमांकांची सरासरी लिहितात. त्यामुळे येथील ८७ हे साधारण आपल्या ९१ च्या जवळ येते. अमेरिकेतील व्हिडिओ पाहून ‘९३ भरा’ असा सल्ला देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

वायफळ खर्च येथेही होतो. ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकी चालकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलर वाया घालवले. गाडीच्या पुस्तिकेत प्रीमियम ‘आवश्यक’ लिहिले आहे की ‘शिफारस’ एवढेच, हा फरक मात्र नीट वाचावा. आवश्यक असेल तर काटकसर करू नये. शिफारस असेल तर साधे चालते, फक्त पिकअप आणि ॲव्हरेज किंचित कमी मिळते.

घाटचढ्या

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेली पट्टी पुसून वाचली, तर तेथे ९१ किंवा अधिक असे स्पष्ट लिहिलेले सापडले. सात वर्षांत मी ती एकदाही वाचली नव्हती. गॅरेजवाले काका, आपला अंदाज बरोबर निघाला, मी घाटात तिसऱ्या गिअरवरच होतो. काल साध्या पेट्रोलवरच, वळणांवर दुसरा टाकून गेलो आणि आवाज जवळजवळ आला नाही. स्पार्क प्लग कंपनीचेच, म्हणजे ७४ हजार किलोमीटर जुने आहेत. एक शेवटची शंका आहे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल अर्धी टाकी आणि साधे अर्धी टाकी, असे मिसळले तर चालेल का?

जुना गॅरेजवाला

चालेल, बिघडणार काहीच नाही आणि सुधारणारही काही नाही. त्या अर्ध्या टाकीला जे जादा पैसे पडतील, त्यातून चारही प्लग येतील. साध्या निकेलच्या प्लगला ७४ हजार फार झाले. आधी ते बदला, आणि जुने काढल्यावर त्यांच्या टोकांचा फोटो येथे टाका. टोक पांढरट आहे की काळे, त्यावरून पुढचे सांगतो.