वजन खाली असलं तरी

वजन जितकं तळाला तितकं जहाज भक्कम, असं म्हणतात. बरोबर, पण माल जागचा हलणार नसेल तरच. मुरगावहून जायचे ते आयर्न ओअर फाइन्स, म्हणजे लोहखनिजाचा बारीक चुरा, घ्या. माल इतका जड की होल्ड (जहाजातला माल भरायचा कप्पा) अर्ध्याहून अधिक रिकामाच राहतो, गुरुत्वमध्य अगदी खाली. असं जहाज कललं की झटक्यात सरळ होतं. खलाशांचे हाल होतात ते वेगळेच. त्या हादऱ्यांनी चुरा दबत जातो, दाण्यांमधलं पाणी सुटतं आणि कोरडा दिसणारा ढीग चिखलासारखा वाहू लागतो. एका बाजूला सरकला की परत येत नाही, मग जहाजही कललेलंच राहतं. 2009 च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोज’ पारादीपजवळ बुडाली, दोन्हींत हाच माल होता.

उघड्यावर भिजलेला माल भरताना डब्याची चाचणी करतात. लहान डबा अर्धा भरायचा, वीतभर उंचीवरून कठीण जागेवर 25 वेळा आपटायचा. वर ओल आली तर लोडिंग थांबवून नमुना लॅबला. नाही आली तरी निर्धास्त होऊ नये. मालातला ओलावा मर्यादेत असल्याचा दाखला हातात हवाच.