लाकूड-बांबूपासून इथेनॉल: सरकारने यात पैसा घालावा का?

नदीकाठ (धागालेखिका):
सप्टेंबर २०२५मध्ये आसामात नुमालीगडला बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन झालं. वर्षाला ५ लाख टन हिरवा बांबू, त्यातून सुमारे ४९ हजार टन इथेनॉल असा आराखडा आहे. मला ही दिशा पटते. डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधनं आणली, तेव्हा आपल्या साखर कारखान्यांची गणितं कोलमडली. खाण्याच्या वस्तूवर इंधन उभं केलं की हे होणारच. लाकडात ४०-५० टक्के सेल्युलोज असतं, म्हणजे ग्लुकोज या साखरेच्याच लांब साखळ्या. सेल्युलेज नावाची एन्झाइमं (विकरं) त्या तोडतात, यीस्ट त्या साखरेचं इथेनॉल करतं. ही एन्झाइमं भरपूर सोडणारी ट्रायकोडर्मा रीसी बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याच्या तंबूंचं कापड कुजवताना सापडली. बुरशी जंगलात रोज करते तेच काम कारखान्यात बसवायला पैसा लागणार, तो द्यायला हवा.

मळीवाला:
असहमत. मी डिस्टिलरीत काम करतो. मळीत साखर आयती मिळते. लाकडात ती लिग्निनने, म्हणजे लाकूड टणक करणाऱ्या घटकाने, जखडलेली असते, एन्झाइमला शिरकावच नाही. आधी आम्लाने किंवा दाबाच्या वाफेने लाकूड फोडावं लागतं. त्यात फुरफुराल नावाचं रसायन तयार होतं, ते यीस्टला मारक. वर हेमिसेल्युलोज या लाकडातल्या दुसऱ्या घटकातली झायलोज साखर साधं यीस्ट आंबवत नाही, त्याला जनुकं बदललेलं यीस्ट लागतं. प्रत्येक पायरीला खर्च. पेंढा आणि मक्याच्या धाटांवर चालणारे मोठे कारखाने तरी कुठे टिकले? इटलीतला क्रेसेंटिनोचा २०१३ला सुरू झाला, २०१७ला मूळ मालकांच्या हातून बंद पडला. ड्युपाँट कंपनीने अमेरिकेत आयोवातला २०१५ला उघडला, २०१७ला गुंडाळला. क्लॅरियंट कंपनीचा रोमानियातला २०२३ अखेर थांबला. लाकूड त्याहून चिवट.

उत्तरवारा (नॉर्वे):
मळीवाला, इकडे सार्प्सबोर्गला बोरेगार्ड कंपनीचा कारखाना १९३८पासून स्प्रूसच्या लाकडाचं इथेनॉल करतोय. तिथे एन्झाइम नाही. लगद्यासाठी लाकूड शिजवतानाच साखर सुटते आणि यीस्ट ती आंबवतं. पण तो टिकला कारण ते लिग्निनही विकतात, काँक्रीटच्या मिश्रणात ते जातं. नुमालीगडलाही फुरफुराल आणि ॲसेटिक आम्ल विकायचा बेत आहे. तुमच्या यीस्टला मारणारं तेच रसायन वेगळं काढलं की माल होतो. नुसत्या इथेनॉलवर हिशोब बसत नाही, हे मात्र मान्य.

यवतमाळकर:
आमच्याकडे पऱ्हाटी आहे, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, लाकडासारखीच टणक. बोंडअळीमुळे ती शेतात ठेवता येत नाही, म्हणून बरेच जण बांधावर जाळून टाकतात. कोणी नेली तर हवीच आहे. पण उपटायची मजुरी, बारीक करायचं यंत्र, ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार? पऱ्हाटी फुगीर, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. अनुदान कारखान्याला आणि आम्हाला टनामागे चिल्लर, असं असेल तर काडी लावणंच सोपं पडतं.

नदीकाठ:
यवतमाळकर, तुमचा मुद्दा मी आधी धरायला हवा. पैसा पहिल्यांदा गोळा करण्याच्या साखळीत जावा, दर लेखी ठरावा. आणि इथेनॉलसाठी जंगल तोडायला माझा ठाम विरोध आहे. टाकाऊ पऱ्हाटी, आरागिरणीचा भुसा, लागवडीचा बांबू, एवढंच.

मळीवाला:
पऱ्हाटी गोळा झालीच, तर तिच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या विटा) करून बॉयलरला लावा. एन्झाइम नको, आंबवणं नको, सांडपाणी नको.

नदीकाठ:
बॉयलरला उष्णता पुरते, मोटारीच्या टाकीत द्रवच लागतं. त्या द्रवासाठी आज आपण ऊस, मका आणि तांदूळ वापरतोय. त्याला तुमच्याकडे दुसरा पर्याय कोणता?