वेबचे फोटो 'रंगवलेले', म्हणून दुर्बीणच वाया?

अवकाशयात्री: परवा इथे कुणीतरी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीबद्दल लिहिलं, "१० अब्ज डॉलर ओतून नासाने रंगवलेली चित्रं काढली. तेवढ्या पैशात जमिनीवर मोठ्या दुर्बिणी झाल्या असत्या." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ग्रह जन्मतात धुळीत. दृश्य प्रकाश तिथे अडतो, अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) निसटतो. अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तर विश्वप्रसरणाने ताणला जाऊन अवरक्तातच पोचतो. जमिनीवर हवेतली वाफ तो बराचसा गिळते, वर हवा आणि दुर्बीण दोन्ही स्वतःच्या उष्णतेने उजळतात. भर दुपारी तारे शोधण्यातला प्रकार! म्हणून वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, ऊन अडवणाऱ्या पाचपदरी पडद्याआड.

सह्याद्री७२: ते मीच लिहिलं होतं. हवेचं मला शिकवू नका. एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीतली कडी २०१४ मध्ये आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या समूहाने टिपली, चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटातून. उलट हर्शेल या अवकाश दुर्बिणीला थंड ठेवणारं हेलियम २०१३ मध्ये संपलं आणि चार वर्षांत दुर्बीण मुकी झाली.

मृगशीर्ष: आल्माला दिसते ती मुख्यतः थंड धूळ. पीडीएस ७० या ताऱ्याच्या चकतीत, ताऱ्याजवळच्या उबदार भागात, पाण्याची वाफ सापडली ती वेबच्या मिरी या अवरक्त टिपणाऱ्या उपकरणाला. त्याला थंड ठेवणारं हेलियम बंद चक्रात फिरतं, उडून जात नाही. अर्धं वाचून भांडू नका.

शाळामास्तर: रंगांवर कुणी बोलणार का? थंडीत सहावीच्या मुलांना माळावर नेऊन मृगातला तेजोमेघ दाखवला. एक मुलगी म्हणाली, "सर, हा तर राखाडी आहे. पुस्तकातला खोटा होता?" मला धड उत्तर देता आलं नाही. पेपरवाले फोटो पानभर छापतात, खाली एक ओळ देत नाहीत.

अवकाशयात्री: खोटे नाहीत हो! वेबच्या फोटोंत लांब तरंगांना तांबडा, आखूड तरंगांना निळा, असा क्रम पाळतात.

सह्याद्री७२: मग तसं लिहा ना! लोकांना वाटतं, तिथे गेलो तर असंच दिसेल. माझ्या भावाला अजून वाटतं.

शाळामास्तर: अगदी. पोरांचा विश्वास उडतो त्याचं काय?

मृगशीर्ष: संशोधन मोजमापांवर चालतं, फोटोंवर नाही. वेबच्याच मोजमापांतून पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांना 'अलकनंदा' सापडली. तेव्हाचं विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं, तरी सुबक सर्पिल दीर्घिका!

सह्याद्री७२: अलकनंदा जमिनीवरून सापडली नसती, हे मान्य. १० अब्ज मात्र अजूनही खटकतात. आणि रंगांबद्दल मास्तर म्हणतात तेच बरोबर.

शाळामास्तर: रंग चढवण्याआधीचा कृष्णधवल फोटो कुठे मिळेल? सोमवारी त्या मुलीला दाखवायचाय.