मदत हवी आहे : माहिती अधिकारात रस्त्याचा नमुना कसा काढून घ्यायचा?

गावातल्या काँक्रीट रस्त्याचं बिल निघालंय. अंदाजपत्रकात लांबी २०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५ सेंमी, म्हणजे ९० घनमीटर. मोजमाप पुस्तिकेतही १५च. पण कडेला उकरून पट्टी लावली तर तीन ठिकाणी १० सेंमीच्या पुढे जात नाही. सगळीकडे असंच असेल तर ३० घनमीटर कागदावरच ओतलंय! ठेकेदार अर्थात म्हणणार, 'मधे जाड आहे.' म्हणून कोअर हवा, म्हणजे रस्त्याला आरपार भोक पाडून काढलेला काँक्रीटचा दंडगोल नमुना.

पहिला अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'पैसे कुठे गेले' असले प्रश्न मुद्दाम टाळले. ती माहिती नव्हे म्हणून उडवतात. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयक मिळालं. चाचणी अहवाल नाही. ३० दिवस उलटले, त्यासाठी २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करतोय.

२००५च्या कायद्यात कलम २ मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हा हक्कच आहे. अडतंय पुढे. अर्जात नमुन्याच्या जागा मीटरनुसार (४०, १००, १६०) आधीच द्याव्यात का? दिल्या तर तेवढ्याच जागी डागडुजी होईल ही भीती. कोअर कटिंगचा खर्च कोणी भरायचा? नमुन्याच्या सीलवर ग्रामसेवकाने सही नाकारली तर पंचनामा ग्राह्य धरतात का?

ज्यांनी प्रत्यक्ष नमुना काढलाय त्यांनी अर्जाचा मजकूर टाकावा. ग्रामसभेआधी अहवाल हातात हवाय.