मदत हवी आहे: कूलरचा जॉइंट जळला अन् लेकीच्या प्रश्नात मी अडकलो

खामलेकर:
मंडळी, नागपुरात नवतपा सुरू आहे, कूलरशिवाय घरात बसवत नाही. अन् नेमका काल दुपारी कूलर बंद पडला. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरला दोन वर्षांपूर्वी मीच तांब्याची दीडची (दीड चौरस मिमीची) वायर पिळून जोडली होती, वर काळी पट्टी. आज पट्टी सोलली तर तांबं हिरवं पडलेलं अन् ॲल्युमिनियमचा पांढरा भुगा, चिमटीत धरताच तुटलं. पण वीतभर अलीकडे-पलीकडे वायर नव्यासारखी! दोन्ही धातू विजेचे चांगले वाहक, मग जॉइंटनेच काय घोडं मारलं?

इथवर ठीक होतं. बारावीतली लेक गणित मांडून बसली. कूलर साधारण १ अँपिअर घेतो, त्या हिशेबाने दीडच्या वायरीत इलेक्ट्रॉन सेकंदाला ०.०५ मिमी सरकतात. बोर्डापासून कूलर १२ मीटर. म्हणजे पोचायला जवळपास तीन दिवस! "बाबा, मग बटण दाबल्याबरोबर पंखा कसा फिरतो?" सकाळपासून डोकं खाऊन राहिली. आकडेमोड दोनदा तपासली, चूक सापडत नाही.

जुना_वायरमन:
भाऊ, आधी एमसीबी खाली पाडा, मग फिजिक्स. त्या लाइनवर आणखी काय चालतं?

खामलेकर:
पाडली आहे. इस्त्री लागते तिथेच, १००० वॉटची.

जुना_वायरमन:
मग नवल नाही. दोन्ही मिळून ५ अँपिअरच्या वर. जॉइंटचा रोध अर्धा ओम जरी झाला तरी साडेबारा वॉट उष्णता, तीही शेंगदाण्याएवढ्या जागेत. ॲल्युमिनियमला हवा लागताच ऑक्साइडचा थर बसतो, त्यातून वीज जात नाही. शिवाय तापलं की ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवलं की पीळ सैल. त्यात कूलरची ओल लागली की दोन धातूंची बॅटरीच होते अन् ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पुन्हा पिळू नका. बोर्डापासून अखंड तांबं ओढून घ्या, वायरमनकडून.

फळा_खडू:
लेकीचं गणित बरोबर आहे, डोळ्यांपुढचं चित्र चुकलं. कूलरचा पंप सुरू केला की ताटीवर पाणी यायला वेळ लागतो, कारण नळी रिकामी असते. वायर कधीच रिकामी नसते. तांब्याचा प्रत्येक अणू आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन जणू सामायिक खात्यात टाकतो. १ घन मिमी तांब्यात असे ८५ वर १८ शून्यं इतके. मोटरीच्या वाइंडिंगमध्येही ते आधीच हजर. बटण दाबलं की विद्युतक्षेत्राची खबर प्रकाशाच्या वेगाच्या आसपास पोचते अन् सगळे एकदमच हलतात.

त्यातून घरची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, ५० हर्ट्झची. त्यामुळे ही सरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही होत नाही, तोच दिशा उलटते. (इलेक्ट्रॉन एरवी सुस्त नाहीत हां. धडका खात सेकंदाला १५०० किमीच्या वर वेगाने वाट्टेल तिकडे पळत असतात. ०.०५ मिमी ही त्या अख्ख्या गर्दीची सरासरी सरक.)

ऑक्साइडचं कोडंही इथेच सुटतं. ॲल्युमिनियमचे तेच मोकळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनने बांधून घेतले की खातं बंद.

खामलेकर:
दोघांचेही आभार. वायरमन संध्याकाळी येतोय. लेकीला पटलं, पण लगेच पुढचा प्रश्न: इस्त्रीतलं निक्रोम म्हणजे मुख्यतः निकेल अन् क्रोमियम. दोन्ही धातूच, मग निक्रोमची रोधकता नुसत्या क्रोमियमच्याही आठ-नऊ पट कशी?

फळा_खडू:
शुद्ध धातूत अणू शिस्तीत रांगेने उभे, इलेक्ट्रॉन त्यातून बिनबोभाट निघतो. निक्रोममध्ये निकेलच्या रांगेत क्रोमियम कुठे उभा असेल याचा नेम नाही, म्हणून पावलोपावली ठेच. त्या ठेचांवरच तुमचे कपडे कडक होतात.

जुना_वायरमन:
इस्त्री आता वेगळ्या बोर्डावर लावा, भाऊ.