निर्णयाचे नियम प्रवाहआकृतीत असावेत की सारणीत?

पायवाट (धागाकर्ती)

कामाचा क्रम आणि कामातला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रणाली विश्लेषणात तत्त्व म्हणून सगळेच मान्य करतात. प्रत्यक्ष दस्तऐवज उघडला, की दोन्ही एकाच आकृतीत कोंबलेले दिसतात. बीपीएमएन या प्रक्रिया रेखाटण्याच्या मानक चिन्हपद्धतीतल्या आकृतीत एका गेटवेतून, म्हणजे वाटा फुटण्याच्या डायमंड चिन्हातून, दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे डायमंड फुटत जातात आणि शेवटी सवलत नेमकी कोणाला मिळते, हे सांगायला बोटाने रेघा गिरवाव्या लागतात. माझे मत असे, की आकृतीत फक्त क्रम दाखवावा, निर्णयाचे नियम निर्णयसारणीत, म्हणजे अटींची कोणती जुळणी झाली तर काय उत्तर हे दाखवणाऱ्या तक्त्यात, लिहावेत आणि आकृतीतल्या एका टास्कने, म्हणजे एक काम दाखवणाऱ्या चौकटीने, त्या सारणीकडे निर्देश करावा. बीपीएमएन 2.0 मध्ये यासाठी बिझनेस रूल टास्क हा वेगळा प्रकारच दिलेला आहे.

एक वाक्य पाहा : ‘जुना ग्राहक असेल किंवा मागणी मोठी असेल आणि थकबाकी नसेल तर सवलत द्यावी.’ वाचताना कोणालाही खटकत नाही. पण थकबाकी नसण्याची अट फक्त मोठ्या मागणीला लागू आहे, की जुन्या ग्राहकालाही? तीन अटी, प्रत्येकीची दोन उत्तरे, म्हणजे सारणीत 8 स्तंभ होतात. दोन्ही अर्थ लावून ते भरले, तर 6 स्तंभांत उत्तर सारखेच येते आणि 2 स्तंभांत वेगळे पडते : थकबाकी असलेला जुना ग्राहक, मागणी मोठी असो वा लहान. व्यवसायाकडच्या मंडळींना विचारायचा प्रश्न एवढाच उरतो. गद्यात तो दडलेलाच राहिला असता.

तिरकी रेघ

आपले उदाहरण चांगले आहे, पण ते गैरशिस्त गद्याविरुद्धचे आहे, गद्याविरुद्धचे नव्हे. हेच वाक्य संरचित भाषेत, म्हणजे ‘जर – तर – अन्यथा’ अशा ठरावीक शब्दांत आणि पोटअटी आत सरकवून लिहिले असते, तर लिहिणाऱ्याला तिथेच थांबून ठरवावे लागले असते. अनुक्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत कोणतीही कार्यपद्धती मांडता येते, हे बोम आणि याकोपिनी या संगणकशास्त्रज्ञांनी 1966 मध्येच दाखवून दिले आहे. पुनरावृत्ती तर सारणीला जमतच नाही. मागणीतल्या प्रत्येक वस्तूसाठी साठा तपासा, कमी पडला तर पर्यायी वस्तू शोधा आणि तीही नसेल तर तेवढी ओळ बाजूला काढा, हे आपण कोणत्या स्तंभात लिहिणार?

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. सहा अटी झाल्या की 64 स्तंभ होतात, दहा झाल्या की 1024. एवढी सारणी बैठकीत पडद्यावर लावली, की समोरची मंडळी मान डोलावतात आणि सही करून मोकळी होतात. अशी सही घेऊन आपण नेमके काय मिळवले?

पायवाट

1024 स्तंभ कोणी लिहीत नाही. ज्या अटीने उत्तर बदलत नाही तिथे आडवी रेघ द्यायची आणि स्तंभ एकत्र करायचे. वरच्या उदाहरणात, थकबाकीची अट सर्वांना लागू आहे असे ठरले, तर थकबाकी असलेले 4 स्तंभ मिळून एकच होतो. थकबाकी नसलेल्या जुन्या ग्राहकाचे 2 मिळून एक होतो आणि नव्या ग्राहकाचे 2 सुटे राहतात. 8 चे 4 झाले. पडताळाही सोपा आहे. ज्या स्तंभात जितक्या आडव्या रेघा, तितक्या वेळा 1 दुप्पट करत जायचा आणि सगळ्या स्तंभांची बेरीज घ्यायची : 4 अधिक 2 अधिक 1 अधिक 1 म्हणजे 8. बेरीज कमी भरली तर एखादी शक्यता सुटली आहे, जास्त भरली तर दोन नियम एकमेकांवर चढले आहेत. संरचित भाषेत असा हिशेब मांडायची सोय आहे का?

पुनरावृत्तीबद्दलचे म्हणणे मान्य आहे. ती प्रक्रियेच्या आकृतीतच राहावी; ‘ही ओळ बाजूला काढायची का’ एवढाच प्रश्न सारणीकडे यावा.

तिरकी रेघ

हिशेब पूर्ण भरला म्हणून नियम बरोबर ठरत नाही. अटच चुकीची निवडली असेल, तर सारणी ती चूक अत्यंत नीटनेटकी करून दाखवते. शिवाय तुमची बेरीज हो-नाही उत्तरांपुरती सोपी आहे. ‘100 नगांपेक्षा कमी’ आणि ‘100 नगांपेक्षा जास्त’ असे दोन नियम दिसले, की सारणी भरलेली वाटते. नेमके 100 नग मागणारा ग्राहक मात्र कुठेच बसत नाही.

समीकरण

दोघांनीही निर्णयवृक्षाला, म्हणजे एकेका अटीपाशी फांद्या फुटत जाणाऱ्या आकृतीला, वगळले, याचे नवल वाटले. थकबाकी तपासायला बाहेरच्या यंत्रणेला विचारावे लागत असेल आणि ग्राहक जुना की नवा हे हाताशीच असेल, तर कोणती अट आधी पाहायची याला महत्त्व येते. सारणीत सगळ्या अटी एका पंगतीत बसतात, वृक्षात क्रम डोळ्यांना दिसतो. अटी थोड्या आणि फांद्या विषम असतील, तर मी वृक्षच काढतो. अटी वाढल्या की तो कागदावर मावत नाही, हेही खरे.

तिरकी रेघ

सारणीतही क्रम शिरतोच, फक्त चोरपावलांनी, आणि माझा खरा विरोध तिथेच आहे. 2015 मध्ये आलेल्या डीएमएन या निर्णय मांडण्याच्या मानकात नियम सहसा स्तंभांऐवजी ओळींत लिहितात आणि प्रत्येक सारणीला हिट पॉलिसी, म्हणजे लागू पडणाऱ्या ओळींतून उत्तर कसे घ्यायचे याचा नियम, असते. ती ‘फर्स्ट’ ठेवली, तर वरून खाली पाहत जाऊन जी ओळ आधी लागू पडेल तिचे उत्तर घेतले जाते. व्यवहारात लोकांना हेच आवडते, कारण अपवाद वर ठेवले आणि तळाला ‘बाकी सर्व’ अशी ओळ टाकली की काम भागते. पण मग तिसऱ्या ओळीचा अर्थ एकट्या तिसऱ्या ओळीत राहत नाही. पहिल्या दोन लागू पडल्या नाहीत, ही अट तिला न लिहिता चिकटते. उद्या कोणी मध्येच एक ओळ घातली, की खालच्या सगळ्या ओळींचा अर्थ बदलतो आणि त्यांतले एक अक्षरही बदललेले दिसत नाही. ही ‘जर – अन्यथा जर’ची शिडीच आहे, नुसती चौकटीत बसवलेली. मग ती उघडपणे संरचित भाषेत लिहिलेली काय वाईट?

पायवाट

म्हणूनच मी ‘फर्स्ट’ला परवानगी देत नाही. डीएमएनची मूळ पॉलिसी ‘युनिक’ आहे : कोणत्याही परिस्थितीत एकच ओळ लागू पडली पाहिजे. ओळी वरखाली केल्या तरी उत्तर बदलत नाही आणि दोन ओळी एकमेकींवर चढल्या तर ते तपासणीच्या सॉफ्टवेअर साधनालाही पकडता येते. नेमक्या 100 नगांची फट शोधायची तपासणी वेगळी, पण तीही साधनाला करता येते.

तिरकी रेघ

त्याची किंमतही सांगा. एक नवा अपवाद आला, की तो इतर प्रत्येक ओळीतून वजा करावा लागतो. सात ओळींची सारणी बघता बघता वीसवर जाते आणि ‘हा अपवाद आहे’ ही गोष्टच तिच्यातून पुसली जाते. नियम सांगणारा माणूस मात्र ‘साधारणपणे असे, पण अमुक असेल तर तसे’ अशाच भाषेत विचार करतो. त्याच्या तोंडची रचना मोडून केलेली सारणी तपासायला त्याच्याच हाती देणे मला पटत नाही.

पायवाट

या मुद्द्यात तथ्य आहे. प्रत्येक ओळीपुढे कारणाचा रकाना ठेवून मी तो काही अंशी भरून काढते, पण ओळी वाढतात हे नाकारत नाही. तरीही मला लांब सारणी चालेल. अपवाद कुठे संपतो हे वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडणे चालणार नाही.

रुईफूल

चर्चा रंगली आहे, पण दोन्ही बाजू नियमाकडे क्षणचित्रासारखे पाहत आहेत. बहुतेक गोंधळ काळामुळे होतो. मागणी रद्द करता येते का, याचे उत्तर ती नोंदवलेली, मंजूर, पाठवलेली की पोहोचलेली आहे यावर ठरते. अशा ठिकाणी आधी अवस्थाआकृती, म्हणजे कोणत्या घटनेने एका अवस्थेतून दुसरीत जाता येते हे दाखवणारी आकृती, काढावी. मग डावीकडे अवस्था आणि वर घटना असा तक्ता करून प्रत्येक रिकाम्या घराबद्दल प्रश्न विचारावा. ‘पाठवलेली’ या अवस्थेत ‘पैसे परत आले’ ही घटना घडली तर काय, हे मूळ दस्तऐवजात सहसा नसतेच.

आणि नियमालाही वय असते. मागणी नोंदवली तेव्हा एक सारणी लागू होती आणि मंजुरीच्या वेळी दुसरी लागू झाली, तर कोणती पाहायची?

तिरकी रेघ

मागणी नोंदवली त्या दिवशीची, असे बहुतेक जण सांगतील. पण तसे कुठेतरी लिहून ठेवलेले हवे.

पायवाट

ते सारणीत लिहिता येत नाही, कारण कोणती सारणी उघडायची हाच प्रश्न आहे. ते आकृतीतच दाखवावे लागेल : सारणीला हाक मारणाऱ्या टास्कने कोणती तारीख सोबत पाठवायची, हे तिथे नोंदवायचे आणि प्रत्येक सारणीवर ती कधीपासून कधीपर्यंत लागू आहे हे छापायचे. ज्या मागण्या बदलाच्या दिवशी अर्ध्या वाटेवर असतील, त्यांची चाचणी वेगळी घ्यावी लागेल.